पौर्णिमेचा चंद्र टिपताना

चंद्र पाहिला नाही असा माणूस सापडणे कठीण. लहानपणी आईच्या कडेवर बसून आपण त्याला मामा म्हणतो, पुढे संकष्टीला उपवास सोडण्यासाठी त्याची वाट पाहतो आणि बी. ए. ला आल्यावर त्याची उपमा मुखाला कशी देतात ते काव्यशास्त्राच्या तासाला शिकतो. इतक्या ओळखीच्या चंद्राचे छायाचित्र काढणे ही अगदीच सोपी गोष्ट असेल असे कोणालाही वाटेल. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्ष प्रयत्न केला तेव्हा मात्र माझी चांगलीच फजिती झाली. त्या फजितीतून जे काही शिकायला मिळाले, ते माझ्यासारख्याच हौशी मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा लेखात काही उणे राहिले असल्यास जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

कोजागिरीची फजिती

तालुक्याच्या गावी एका फोटो स्टुडिओत मी शनिवार-रविवार अल्बमची कामे करते. फीचा आणि एस. टी. च्या पासाचा खर्च त्यातून निघतो. स्टुडिओचे मालक भले गृहस्थ आहेत. लग्नसराई नसली की एक जुना, अठरा मेगापिक्सेलचा कॅमेरा ते मला घरी नेऊ देतात. २०२५ च्या कोजागिरीला, म्हणजे ६ ऑक्टोबरला, महाविद्यालयाच्या मैदानावर दुधाचा कार्यक्रम होता. मी मोठ्या ऐटीत कॅमेरा घेऊन गेले. ढगांतून चंद्र बाहेर आला, सगळ्यांनी ‘काढ, काढ’ म्हणून गिल्ला केला आणि मी कळ दाबली. पडद्यावर काय उमटले? काळ्या पाटीवर खडूचा ठिपका टेकवावा तसा एक पांढरा गोळा. ना ससा, ना हरीण, ना डाग. शेजारी उभ्या असलेल्या एका मैत्रिणीने मोबाईल वर केला आणि क्षणात खळग्याखळग्यांचा सुंदर चंद्र सगळ्यांना दाखवला. कोणीतरी म्हणाले, “अगं, तू ट्यूबलाईटचा काढलास वाटतं!” आणखी एकजण म्हणाला, “हे बी. ए. वाल्यांचं काम नव्हे.” हसण्यावारी नेले खरे, पण ते वाक्य मनाला लागले.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या सरांना गाठले. त्यांनी छायाचित्र पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला : “चंद्रावर या वेळी दिवस आहे की रात्र?” मी गोंधळले. सर म्हणाले, “याचं उत्तर सापडलं की फोटो आपोआप येईल.”

चंद्रावर ऊन पडले आहे

या प्रश्नाचे उत्तर हेच चंद्राच्या छायाचित्रणाचे मर्म आहे. आपल्याकडे रात्र असते म्हणून आपण चंद्राला रात्रीची वस्तू समजतो. वास्तविक पौर्णिमेच्या चंद्राचा जो भाग आपल्याला दिसतो, तेथे लख्ख दिवस असतो. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. तो म्हणजे सूर्याच्या उन्हात पडलेला एक प्रचंड दगड आहे. सूर्यापासून पृथ्वी आणि चंद्र यांचे अंतर जवळजवळ सारखेच, त्यामुळे त्याच्यावर पडणारे ऊनही आपल्या दुपारच्या उन्हाइतकेच प्रखर. म्हणजे चंद्राचे छायाचित्र काढायचे तर ते भर दुपारी उन्हात ठेवलेल्या दगडाचे काढावे तसे काढले पाहिजे.

आणि हा दगड पांढराही नाही. आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी चंद्राचा पृष्ठभाग सरासरी शंभरात बाराच भाग परत पाठवतो. जुन्या डांबरी रस्त्याचा रंग साधारण असाच असतो. चंद्र पांढराशुभ्र दिसतो तो केवळ भोवतालचे आकाश काळे असते म्हणून. ‘चंद्रासारखे गोरे मुख’ म्हणणाऱ्या कवींना हे ठाऊक असते तर त्यांनी उपमा बदलली असती की काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला!

आता कॅमेऱ्याकडे वळू. प्रकाशाचे प्रमाण ठरविण्यासाठी कॅमेऱ्यात तीन गोष्टी हाताशी असतात. पहिली, भिंगाचे छिद्र किती उघडायचे. हे एफ ४, एफ ८, एफ ११ अशा आकड्यांनी दाखवतात, आणि आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान. दुसरी, शटर किती वेळ उघडे ठेवायचे. तिसरी, संवेदनशीलता, म्हणजे आय. एस. ओ. ची संख्या. कॅमेरा ‘ऑटो’वर ठेवला की या तिन्ही गोष्टी तो स्वतः ठरवतो. पण तो बिचारा ठरवणार कसे? समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम उजेडाचे असावे असे गृहीत धरून तो चालतो. माझ्या चौकटीत चंद्राने व्यापलेली जागा शंभरात जेमतेम एक भाग होती, उरलेले नव्व्याण्णव भाग अंधार. कॅमेऱ्याला वाटले, फार काळोख आहे, शटर खूप वेळ उघडे ठेवले पाहिजे. तसे ठेवताच चंद्राचा भाग पांढरा फटक पडून त्यावरचे सारे डाग पुसले गेले. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. त्याला चंद्र दाखवायचा आहे की अंधार, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

जुन्या छायाचित्रकारांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे. छिद्र एफ ११ ठेवावे आणि आय. एस. ओ. जितका असेल तितकाच सेकंदाचा भाग शटरसाठी घ्यावा. म्हणजे आय. एस. ओ. १०० असेल तर शटर १/१०० सेकंद. भर उन्हातल्या वस्तूंसाठी याच धर्तीवर एफ १६ चा नियम आहे. चंद्र डांबरासारखा काळपट, म्हणून त्याच्यासाठी छिद्र थोडे अधिक उघडायचे, एवढाच काय तो फरक. मी स्वतः एफ ८, आय. एस. ओ. १०० आणि शटर १/२५० पासून सुरुवात करते. चंद्र खूप वर असेल तर हे बरोबर जमते. शंका असेल तर १/१२५, १/२५० आणि १/५०० अशी तिन्ही छायाचित्रे काढून ठेवावीत. क्षितिजाजवळच्या चंद्राचा प्रकाश जाड हवेच्या थरातून येतो, त्यामुळे तो मंद आणि तांबूस होतो. तेथे शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते.

याच गोष्टीचे एक उदाहरण छायाचित्रणाच्या इतिहासात फार गाजलेले आहे. ॲन्सेल ॲडम्स हे अमेरिकेतील थोर छायाचित्रकार. १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळी ते न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या खेड्यावरून मोटारीने चालले होते. पूर्वेला पौर्णिमेच्या थोडा अलीकडचा चंद्र वर आला होता आणि मावळतीचे ऊन दफनभूमीतल्या क्रुसांवर पडले होते. त्यांनी घाईघाईने कॅमेरा मांडला, पण प्रकाश मोजण्याचे यंत्र काही केल्या सापडेना. तेव्हा त्यांना आठवले की चंद्राची तेजस्विता किती हे आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्या एका आकड्यावरून सगळा हिशेब मनातल्या मनात करून त्यांनी एक छायाचित्र काढले. दुसरे काढण्याआधीच क्रुसांवरचे ऊन निघून गेले. हे छायाचित्र पुढे जगप्रसिद्ध झाले. गंमत अशी की ॲडम्स यांनी तारीख लिहून ठेवली नव्हती. पुढे खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चित्रातल्या चंद्राच्या जागेवरूनच ती शोधून काढली.

भिंग, तिवई आणि नेम

डोळ्याला चंद्र मोठा वाटतो, पण आकाशात त्याची रुंदी अवघी अर्धा अंश आहे. हात लांब करून करंगळी समोर धरली की तो तिच्या नखामागे सहज झाकला जातो. कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा किती मोठी पडेल, हे काढण्याची एक युक्ती सरांनी सांगितली. भिंगाच्या नाभीय अंतराला ११० ने भागावे. माझ्याकडचे भिंग २५० मिलिमीटरचे. म्हणजे प्रतिमा सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान! तरीसुद्धा तेवढ्या प्रतिमेत पाचशेहून अधिक ठिपक्यांची रुंदी मिळते, आणि पाचशे ठिपक्यांत चंद्रावरचे मुख्य डाग आणि मोठी विवरे स्पष्ट दिसतात. दुर्बिणीवाचून काही अडत नाही, हे मला सांगावयाचे आहे.

अडते ते नेमापाशी. एवढ्या लांब भिंगाला हाताचा किंचितही कंप सहन होत नाही. तिवई (ट्रायपॉड) हवीच. ती नसेल तर धान्याच्या पोत्यावर कॅमेरा टेकवून काम भागते. कळ बोटाने दाबली तरी कॅमेरा हलतो, म्हणून दोन किंवा दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला व्हावे. नेम साधण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवू नये, कारण अंधारात तो चाचपडत राहतो. मागच्या पडद्यावर चंद्र दहापट मोठा करावा आणि कड रेखीव दिसेपर्यंत भिंगाचे कडे हाताने हळूहळू फिरवावे. भिंगावर अनंत अंतराची खूण असली तरी तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चंद्र स्थिर नसतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका पुढे सरकतो. १/२५० सेकंदात त्याचे काही बिघडत नाही, पण दर थोड्या वेळाने तिवई पुन्हा फिरवावी लागते. न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर या प्राध्यापकांनी १८४० मध्ये चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्राचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना तब्बल वीस मिनिटे चंद्राचा पाठलाग करावा लागला होता. आज जे काम १/२५० सेकंदात होते, त्याला त्यांना तीन लाख पट वेळ लागला. हे वाचल्यापासून कॅमेरा जुना असल्याची कुरकुर मी सोडून दिली.

हवा नेहमी थोडी थरथरत असते, त्यामुळे एकाच रात्री काढलेली छायाचित्रे सारखी रेखीव येत नाहीत. म्हणून तीस-चाळीस छायाचित्रे काढावीत. त्यांतली स्पष्ट तेवढी निवडून एकावर एक अचूक बसवणारे ‘ऑटोस्टॅकर्ट’सारखे प्रोग्राम संगणकावर विनामूल्य मिळतात. असे केल्याने चित्रातली दाणेदार खरखर कमी होते आणि बारीक खुणा उठून दिसतात.

पौर्णिमाच का?

खरे सांगायचे तर चंद्रावरची विवरे टिपण्यासाठी पौर्णिमा हा सर्वांत वाईट दिवस. त्या रात्री सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि चंद्रावर ऊन समोरून पडते. भर दुपारी आपली सावली पायाखाली जाते, तशाच तेथील डोंगरांच्या सावल्या नाहीशा होतात. सावलीवाचून खड्डा खड्डा दिसत नाही. विवरे हवी असतील तर अष्टमीच्या आसपास प्रयत्न करावा. तेव्हा उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर सकाळच्या उन्हासारख्या लांब सावल्या पडलेल्या असतात. मात्र अष्टमीचा अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्म्याने तेजस्वी असेल असे समजू नये. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या सुमारे दहापट तेजस्वी असतो, म्हणून अष्टमीला शटर बरेच अधिक वेळ उघडे ठेवावे लागते.

मग पौर्णिमेला काय मिळते? रंगांचा भेद मिळतो. आपण ज्याला ससा म्हणतो आणि ज्यामुळे संस्कृतात चंद्राला शशांक हे नाव पडले, ते डाग म्हणजे तीन अब्ज वर्षांहूनही पूर्वी वाहून थिजलेल्या लाव्हारसाची मैदाने आहेत. जुन्या खगोलशास्त्रज्ञांनी त्यांना सागर म्हटले, पण तेथे पाण्याचा थेंब नाही. त्यांपैकी ‘शांत सागरा’वर जुलै १९६९ मध्ये माणसाने पहिले पाऊल ठेवले. चंद्राच्या दक्षिण भागात टायको नावाचे ८५ किलोमीटर रुंदीचे विवर आहे. त्यातून निघालेले पांढरे पट्टे पौर्णिमेला जितके स्पष्ट दिसतात तितके इतर दिवशी दिसत नाहीत. त्याहूनही दक्षिणेला, ध्रुवाच्या बाजूस, २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले चांद्रयान-३ उतरले. छायाचित्रात ते यान दिसणे अशक्य आहे, पण बोट ठेवून ‘साधारण इथे’ असे धाकट्या भावाला दाखवताना मला फार आनंद झाला. पौर्णिमेचा चंद्र उगवताना टायको उजव्या अंगाला असतो आणि मावळताना डाव्या. म्हणजे रात्रभरात ससाही कूस बदलतो. हे मी इतकी वर्षे चंद्र पाहूनही कधी पाहिले नव्हते.

आता उगवत्या चंद्राविषयी. झाडांच्या शेंड्यांमागे वर येणारा चंद्र परातीएवढा वाटतो आणि डोक्यावर आला की वाटीएवढा. हा निव्वळ भास आहे. दोन्ही वेळी छायाचित्रे काढून मी मोजून पाहिली, रुंदी सारखीच भरते. खरे तर क्षितिजावरचा चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या अर्ध्या व्यासाने, म्हणजे सहा हजारांहून अधिक किलोमीटर, दूर असतो. खरा फरक पडतो तो चंद्राच्या कक्षेमुळे. त्याचे सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर असले तरी तो कधी जवळ येतो, कधी दूर जातो. जवळची पौर्णिमा दूरच्या पौर्णिमेपेक्षा सुमारे चौदा टक्के रुंद दिसते. २०२५ मध्ये कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा, ५ नोव्हेंबरची, वर्षातली सर्वांत जवळची होती.

ज्यांना चंद्राबरोबर देवळाचा कळस किंवा टेकडीही हवी असेल, त्यांनी पौर्णिमेपेक्षा चतुर्दशीची संध्याकाळ साधावी. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि तो वर येईपर्यंत जमिनीवर अंधार पडतो. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणजे चतुर्दशीला तो तेवढाच लवकर वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून उजेड असतो. ॲडम्स यांना जे योगायोगाने मिळाले ते आपल्याला तिथी पाहून मिळवता येते.

मोबाईलमधला चंद्र

त्या मैत्रिणीच्या मोबाईलबद्दल सांगायचे राहिले. माझा चंद्र पांढरा आणि तिचा खळग्यांचा, हे कसे? पुढे वाचनात आले की २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या मोबाईलवर याच कारणाने बराच वाद झाला होता. एका हौशी माणसाने चंद्राचे चित्र मुद्दाम अस्पष्ट करून संगणकाच्या पडद्यावर ठेवले, खोलीतला दिवा मालवला आणि त्या पडद्याचा फोटो मोबाईलने काढला. फोटोत पडद्यावर नसलेले बारकावेही उमटले! समोर चंद्र आहे हे ओळखून मोबाईल स्वतःच्या शिकवणीतून ते भरत होता. पृथ्वीला चंद्राची कायम एकच बाजू दिसत असल्यामुळे हे त्याला जमते. मैत्रिणीच्या मोबाईलने काय केले ते मी सांगू शकत नाही, आणि त्यात तिचा काहीच दोष नाही. पण जे आपल्या भिंगातून आलेच नाही ते आपले छायाचित्र म्हणावे का, याचा विचार प्रत्येकाने करावा. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनी निराश होऊ नये. पडद्यावर चंद्रावर बोट टेकवावे आणि उजेडाची पट्टी खाली ओढावी. चंद्र लहान येईल, पण त्याच्यावरचे डाग दिसू लागतील, आणि सरांचा प्रश्न आपोआप उलगडेल.

अण्णांचा प्रश्न

हे सारे शिकून मी ४ डिसेंबरची, दत्तजयंतीची पौर्णिमा साधायचे ठरवले. आमचे गाव कृष्णाकाठी. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री वीज मिळते. त्या आठवड्यात रात्रपाळी होती आणि गव्हाला पाणी द्यायचे होते. अण्णा रात्री दारे धरायला निघाले तेव्हा मी म्हणाले, “मीपण येते.” आई नको म्हणत होती. पोरीच्या जातीने रात्री रानात जायचे, लोक काय म्हणतील, हे तिचे म्हणणे. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “येऊ दे. पुनव हाय, बॅटरीबी लागायची न्हाई.”

थंडीतल्या पौर्णिमेचा चंद्र आपल्याकडे फार उंच चढतो. उन्हाळ्यात सूर्य आकाशात जेथे असतो, साधारण तेथेच या दिवसांत रात्री चंद्र असतो. मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ माथ्यावर, किंचित उत्तरेला आला. हवेचा थर कमी, म्हणून नेमाला ही वेळ उत्तम. पण कॅमेरा सरळ वर रोखल्यामुळे मागचा पडदा पाहायला मला बांधावर उताणे पडावे लागले. ओल्या मातीत तिवईचे पाय रुतत होते. तीन चपटे दगड शोधून त्यांवर ती उभी केली. दवाने भिंगावर धूर साचल्यासारखे होई, ते अण्णांच्या कोरड्या उपरण्याने हलकेच टिपत राहिले. एफ ८, आय. एस. ओ. १००, १/२५० सेकंद. दहा सेकंदांचा टायमर. खट्.

या वेळी ससा आला. टायको आला, त्याचे पट्टे आले, कड रेखीव आली. मी धावत जाऊन अण्णांना दाखवले. फावड्यावर हात टेकून त्यांनी बराच वेळ पाहिले. मग भोवताली नजर फिरवून म्हणाले, “चांगलाय. पर आगं, चांदणं येवढं टिपूर पडलंय, आन् तुझ्या फोटूत रान कुटं हाय? समदं काळंच की.”

अण्णा शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. चंद्राचे छायाचित्र नीट आले म्हणूनच रान काळे झाले होते. चंद्रावर ऊन होते, आमच्या रानावर चांदणे. सूर्याचा प्रकाश पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा सुमारे चार लाख पट अधिक असतो. एका चौकटीत एकाच मापाने हे दोन्ही बसणे शक्य नाही. चंद्राचे माप घेतले की रान बुडते, रानाचे माप घेतले की चंद्र पांढरा फटक पडतो. कोजागिरीला माझे झाले होते ते हेच, फक्त तेव्हा मला कळले नव्हते.

मी म्हणाले, “अण्णा, रानाचा येगळा काढावा लागंल. पर तुम्हाला हालायचं न्हाई. ईस सेकंद.” लहान, १८ मिलिमीटरचे भिंग लावले. छिद्र एफ ४, आय. एस. ओ. ८००, शटर वीस सेकंद. वाचकांनी हिशेब करून पाहावा. चंद्राच्या छायाचित्रापेक्षा वेळ पाच हजार पट, छिद्रातून येणारा प्रकाश चौपट आणि संवेदनशीलता आठपट, म्हणजे एकूण एक लाख साठ हजार पट. याहून अधिक केले असते तर रान अगदी दिवसासारखे दिसले असते. मला ते रात्रीचेच ठेवायचे होते. अण्णा वाफ्याच्या तोंडाशी फावडे रोवून उभे राहिले. पाणी वाहत होते, दुसरा वाफा फुटायला आला होता, पण ते हलले नाहीत.

पडद्यावर जे आले ते पाहून आम्ही दोघेही चकित झालो. आकाश निळे होते आणि त्या निळ्यात तारे होते. गहू हिरवा होता. वाफ्यातले पाणी चकाकत होते. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून चांदण्यात सारे करडे दिसते. पण रंग तेथे असतात, आणि कॅमेरा वीस सेकंद प्रकाश साठवून ते दाखवतो. मधोमध अण्णा उभे होते, पायाशी आखूड सावली. श्वासामुळे चेहरा थोडा अस्पष्ट आला, पण ओळखू येत होता.

अण्णा म्हणाले, “ह्यो मीच का?” मग जरा वेळाने, “रातीचं आपुन कसं दिसतो, कवा बघितलंच न्हवतं.” एवढे बोलून ते फुटलेला वाफा बांधायला गेले.

मला मात्र बराच वेळ काही सुचेना. अण्णा गेली वीस वर्षे रात्रीची दारे धरतात. सापाकिरड्याच्या भीतीत, थंडीवाऱ्यात, गाव झोपलेले असताना. मी सकाळी आयती भाकरी बांधून महाविद्यालयात येते. त्यांचे ते काम मी या रात्रीपर्यंत एकदाही पाहिलेले नव्हते, मग दुसऱ्या कोणी पाहिले असण्याचा प्रश्नच नाही. चार लाख किलोमीटर दूर असलेल्या चंद्रावरचे पट्टे कसे टिपावेत हे मी दोन महिने शिकत होते आणि घरापासून अर्ध्या कोसावरचे काहीच मला ठाऊक नव्हते.

स्टुडिओत दोन्ही छायाचित्रे छापून घेतली. मालकांनी पैसे घेतले नाहीत. चंद्राचे छायाचित्र मी भूगोलाच्या सरांना दिले. रानाचे आईने दत्ताच्या तसबिरीशेजारी लावले आहे. शेजारच्या रानातले आमचे चुलते तेही रात्रपाळीला असतात. ते पाहून गेले आणि म्हणाले, “आमचाबी काढ की येकदा.” पुढच्या रात्रपाळीत पौर्णिमा आली की काढायचा आहे. आता आई नको म्हणत नाही.

वाचकांना शेवटी एवढेच सांगणे आहे की, चंद्राचे छायाचित्र काढायला फार भारी उपकरणे लागत नाहीत आणि विज्ञान शाखाही लागत नाही. कॅमेरा उसना मिळतो, तिवईचे काम पोत्यावर भागते आणि तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असते. पहिल्या प्रयत्नात पांढरा गोळा आला तर खचून जाऊ नये. चंद्रावर दिवस आहे आणि आपल्याकडे रात्र, हे ध्यानात ठेवून शटरचा वेळ कमी करावा. आणि चंद्र नीट आला, की त्याच रात्री कॅमेरा एकदा खाली वळवून चांदण्यात कोण काम करीत आहे तेही पाहावे. त्याला मात्र वीस सेकंद द्यावे लागतात.